प्लास्टिक रिसायकलिंगला देताना: घरात करायची तयारी आणि तिचा नेमका क्रम

रिसायकलिंगसाठी म्हणून वेगळं ठेवलेलं बरंचसं प्लास्टिक शेवटी कचऱ्याच्या ढिगावरच पोहोचतं. दोष दर वेळी कारखान्याचा नसतो. तळाशी दोन घोट उरलेली बाटली, आतून ओशट राहिलेला डबा, बाटलीत कोंबलेली चकचकीत पाकिटं असा माल आला की वर्गीकरण करणारा माणूस तो बाजूला फेकतो, आणि सोबतचा चांगला माल खराब झाला असेल तर तोही जातो.

लोकांना काय करायचं हे साधारण माहीत असतं. घोळ होतो तो क्रमात. आधी बाटली चेपतात, मग ती धुता येत नाही. धुऊन लगेच झाकण लावतात, मग आत बुरशी धरते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे महिनाभर पिशव्या भरभरून साठवतात आणि त्यानंतर विचारतात, हे घेणार कोण? म्हणून सुरुवात तिथूनच.

## सुरू करण्याआधी: घेणाऱ्याला विचारा

‘रिसायकल होण्यासारखं’ आणि ‘तुमच्याकडून घेतलं जाणारं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्माकोलवर प्रक्रिया करता येते, पण तुमचा माल नेणाऱ्या गाडीला तो नको असेल तर तुमच्यापुरता तो कचराच. तेव्हा भंगार घेणारी व्यक्ती, संकलन केंद्र किंवा पालिकेची गाडी, जे कोणी तुमचं प्लास्टिक नेतं त्यांना एवढं विचारून घ्या:

- कोणकोणत्या क्रमांकाचं प्लास्टिक घेता?
- पातळ पिशव्या आणि वेष्टनं घेता का? घेत असाल तर वेगळी बांधून द्यायची का?
- बाटल्या चेपून द्यायच्या की तशाच?
- झाकण लावून की काढून?
- माल सुटा हवा की पिशवीत बांधून?

हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण उत्तरं जागोजागी उलट येतात, आणि त्याला कारण आहे. जिथे यंत्रावर वर्गीकरण होतं तिथे माल फिरत्या चकत्यांवरून पुढे सरकतो. कागदासारख्या चपट्या वस्तू एका बाजूला जातात, बाटलीसारख्या फुगीर वस्तू दुसऱ्या बाजूला. अशा ठिकाणी पूर्ण चपटी केलेली बाटली कागदाच्या ढिगात जाऊ शकते. पातळ पिशव्या चकत्यांभोवती गुंडाळल्या जातात आणि यंत्र थांबवून त्या कापून काढाव्या लागतात. साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू फटीतून खाली पडतात आणि कचऱ्यात जातात. उलट जिथे माणसं हातानं माल निवडतात तिथे चेपलेली बाटली सोयीची, कारण वाहतुकीत जागा वाचते. तेव्हा दुसऱ्या कुणी दिलेला सल्ला, अगदी या लेखातलाही, तुमच्या घेणाऱ्याच्या उत्तरापुढे दुय्यम समजा.

बाटली परत देऊन अनामत रक्कम मिळवण्याची यंत्रं असतील तर नियम आणखी वेगळा. यंत्राला बारकोड वाचायचा असतो, म्हणून बाटली चेपायची नाही आणि लेबलही काढायचं नाही.

तपासा: मिळालेली उत्तरं कागदावर लिहून डब्याच्या वर चिकटवा. घरातल्या प्रत्येकाला ती तोंडपाठ होणार नाहीत, आणि चुकीची वस्तू टाकणारी व्यक्ती बहुतेक वेळा तुम्ही नसता.

## टप्पा १: प्लास्टिक ओळखा

वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. त्रिकोण दिसला की वस्तू रिसायकल होते, हा सर्वात पसरलेला गैरसमज. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुढचं काहीही नाही. फिरत्या बाणांच्या खुणेमुळे हा घोटाळा इतका वाढला की २०१३ मध्ये अमेरिकी मानकातून बाण काढून साधा त्रिकोण ठेवण्यात आला. पण साचे वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे बाण अजून सगळीकडे दिसतात.

- १, पेट: पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या, काही पारदर्शक डबे. मागणी चांगली.
- २, एचडीपीई: दुधाचे आणि डिटर्जंटचे अपारदर्शक कॅन, शाम्पूच्या जाड बाटल्या. हेही सहज खपतं.
- ३, पीव्हीसी: पाइप, वायरींचं आवरण, गोळ्यांच्या बऱ्याच पत्त्यांचा पारदर्शक भाग. बाटल्यांच्या ढिगात कधीच नको.
- ४, एलडीपीई: मऊ, ताणल्या जाणाऱ्या पिशव्या, बबल रॅप, दाबून वापरायच्या बाटल्या.
- ५, पीपी: जेवणाचे डबे, झाकणं, दह्या-आइस्क्रीमचे बरेचसे कप, बादल्या.
- ६, पीएस: ठिसूळ कप, सीडीची पारदर्शक पेटी आणि फुगवलेल्या रूपात थर्माकोल. फार कमी ठिकाणी घेतात.
- ७, इतर: वरच्या सहांत न बसणारं सगळं. यात पॉलिकार्बोनेटही आलं आणि एकमेकांवर चिकटवलेले अनेक थरही. घेणाऱ्यानं स्वतःहून मागितलं नाही तर देऊ नका.

### आकडा नसेल तर

बूड पाहा. पेटच्या बाटलीच्या बुडाशी मधोमध एक छोटा उंचवटा किंवा ठिपका असतो. साच्यात वितळलेलं प्लास्टिक तिथून शिरलेलं असतं. एचडीपीईच्या बाटलीच्या बुडावरून मात्र एक सरळ रेघ आडवी गेलेली दिसते, कारण ती बाटली नळी चिमटून आणि फुगवून बनवलेली असते. बोटानं चाचपलं तरी हा फरक कळतो.

पारदर्शक बाटली आहे पण बुडाशी ठिपक्याऐवजी रेघ आहे, असं दिसलं तर पीव्हीसीचा संशय घ्या. बाटलीची बाजू नखानं दाबून घडी पाडा. घडीवर पांढरट रेघ उमटून तशीच राहिली तर संशय पक्का समजून ती बाजूला ठेवा. ही खबरदारी उगाच नाही. पेट वितळतं सुमारे २५० अंश सेल्सियसला. त्याच्या बऱ्याच आधी पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडतं, आणि ते आम्ल भोवतालच्या पेटचा रंग पिवळा पाडतं, त्याची ताकदही घालवतं. मोठ्या घाण्यात पीव्हीसीचे थोडेसे तुकडे गेले तरी दाण्याचा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून बनवलेल्या कच्च्या मालाचा दर्जा उतरतो.

पाण्यात टाका. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्याच्या भांड्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडा बोटानं पूर्ण बुडवून सोडा. साबण नसेल तर हवेचे बारीक बुडबुडे तुकड्याला चिकटतात आणि बुडणारा तुकडाही तरंगतो. एचडीपीई, एलडीपीई आणि पीपी पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. पेट, पीव्हीसी आणि घट्ट पीएस तळाला जातात. कारखान्यातही हेच करतात, फक्त टाकी मोठी असते. थर्माकोलला ही परीक्षा लागू नाही, कारण त्यात बहुतेक हवाच असते. खडूची पूड वगैरे मिसळलेलं पीपीही कधी बुडतं. थोडक्यात, यावरून गट कळतो, प्रकार छातीठोकपणे सांगता येत नाही.

चुरगळून पाहा. चकचकीत पाकीट मुठीत चुरगळून सोडा. ते पुन्हा उलगडलं तर ते धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियमची फॉइल असण्याची शक्यता जास्त.

> इशारा: प्लास्टिक पेटवून, ज्योतीचा रंग आणि वास पाहून ओळखण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. घरात हे करू नका. पीव्हीसीच्या धुरात आम्ल असतं, पीएसच्या धुरात स्टायरीन. एका डब्याचा प्रकार कळावा म्हणून हे फुप्फुसात ओढून घेण्यात शहाणपण नाही. ओळख पटली नाही तर वस्तू बाद करा.

## टप्पा २: बाद माल आधी बाजूला काढा

धुण्याच्या आधी हे करा. जे जाणारच नाही ते धुण्यात पाणी आणि वेळ कशाला घालवायचा?

न वितळणारं प्लास्टिक. मेलामाइनच्या ताटल्या, कुकरची आणि कढईची काळी मूठ, जुनी विजेची बटणं. ही एकदा घट्ट झाली की तापवल्यावर मऊ होत नाहीत, फक्त जळतात. त्यांचा दाणा बनत नाही.

अनेक थरांची वेष्टनं. खाऊची चकचकीत पाकिटं, सॅशे, ज्यूसचे कागदी खोके. दिसायला एक, पण आत दोन-तीन पदार्थांचे थर चिकटवलेले असतात. कागदी खोक्यांसाठी काही ठिकाणी वेगळं संकलन असतं, तिथेच द्या. टूथपेस्टच्या अनेक नळ्यांत ॲल्युमिनियमचा थर असतो, काही नव्या नळ्या पूर्ण एचडीपीईच्या असतात. नळीवर २ आकडा असेल तर विचारून पाहा, नाहीतर बाद.

‘कंपोस्टेबल’ आणि ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं. यातली फसवणूक अशी की पारदर्शक पीएलएचा, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचा ग्लास हुबेहूब पेटसारखा दिसतो. तो पेटमध्ये गेला तर आधी मऊ पडून चिकटतो. मातीत पुरून तो लगेच नाहीसा होईल असंही नाही. त्याला औद्योगिक खतप्रकल्पातलं साठ अंशांच्या आसपासचं तापमान सलग लागतं. आणि ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ पिशव्यांत प्लास्टिकचे तुकडे पाडणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात, म्हणून त्या चांगल्या पिशव्यांत मिसळल्या तर पुढे बनणारा मालही कच्चा निघतो.

काळं प्लास्टिक. यंत्रावर वर्गीकरण होत असेल तर शक्यतो टाळा. यंत्र अवरक्त किरणांनी प्लास्टिक ओळखतं आणि काजळीनं रंगवलेला काळा रंग ते किरण शोषून घेतो. यंत्राच्या लेखी तो डबा तिथे नसतोच. हातानं निवड होत असेल तर विचारून द्या.

धोकादायक माल. सुया आणि सिरिंज, कीटकनाशकांच्या आणि रंगाच्या बाटल्या, इंजिन ऑइलचे कॅन. यांची विल्हेवाट स्वतंत्र लागते. बॅटरीवर चालणारी खेळणीही इथेच, बॅटरी काढल्याशिवाय अजिबात देऊ नका. लिथियमची बॅटरी गाडीत दाबली गेली की पेट घेते, आणि भोवती सगळा जळणारा माल असतो.

एक चूक हेतू चांगला असल्यामुळे वारंवार होते: रिकाम्या बाटलीत पाकिटं, सॅशे, पिशव्या ठासून भरणं. ज्यांना अशा भरीव बाटल्या बांधकामाला हव्या असतात त्यांना त्या द्या, हरकत नाही. पण रिसायकलिंगच्या पिशवीत ही बाटली टाकली तर पाकिटं तर जाणार नव्हतीच, आता चांगली पेटची बाटलीही वाया गेली.

तपासा: उरलेल्या प्रत्येक वस्तूचा प्रकार माहीत आहे आणि तो डब्यावर चिकटवलेल्या यादीत आहे. नसेल तर ती वस्तू इथेच थांबली पाहिजे. ‘जाईल कुठेतरी’ म्हणून टाकलेली वस्तू दुसऱ्या कुणाला तरी हातानं काढावी लागते.

## टप्पा ३: पूर्ण रिकामं करा

रिकामं करणं आणि धुणं वेगळं. हा टप्पा नीट झाला तर पुढचा निम्म्या पाण्यात होतो.

तेलाची बाटली घ्या. बाहेरून रिकामी दिसते, पण आत भिंतीला पातळ थर असतो आणि तो उतरायला वेळ लागतो. बाटली भांड्यात उलटी करून रात्रभर निथळत ठेवा. सकाळी तळाला जमलेलं तेल वापरात घ्या. तोंड आणि गळा रद्दी कागदानं पुसा. त्यानंतर साबणाचं थोडं कोमट पाणी आत घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. ओशटपणा एका फेरीत गेला नाही तर दुसरी फेरी. उरलेलं तेल मात्र मोरीत ओतू नका, ते पाइपमध्ये थिजून बसतं. पुसलेला तेलकट कागदही रद्दीत टाकू नका, कारण कागदाच्या रिसायकलिंगला तेल चालत नाही.

शाम्पू, सॉस, मध यांच्या बाटल्यांचंही तसंच: उलट्या करून ठेवा, मग थोडं पाणी घालून हलवा आणि ते पाणी वापरूनच टाका. शाम्पूचं पाणी तर अंघोळीच्या वेळीच संपतं.

द्रव पदार्थांच्या पिशव्या कापताना कोपरा पूर्ण वेगळा करू नका. फक्त चीर द्या, म्हणजे तो चिमुकला तुकडा पिशवीलाच लटकून राहील. एकदा सुटा झाला की तो कोणत्याच यंत्राच्या किंवा माणसाच्या हाती लागत नाही.

## टप्पा ४: वेगवेगळे भाग सुटे करा

सगळं सोलून काढायची गरज नाही. काय काढायचं आणि काय सोडून द्यायचं, ते असं:

काढाच:

- पंप आणि फवारे. शाम्पूचा पंप उघडून पाहिला तर आत धातूची स्प्रिंग, बऱ्याचदा एक छोटी गोळी आणि दोन-तीन प्रकारचं प्लास्टिक सापडतं. तो रिसायकलिंगला जात नाही. चालू असेल तर पुढच्या बाटलीला लावा.
- बाटलीला पूर्ण वेढणारं प्लास्टिकचं आवरण. यंत्र आत काय आहे हे पाहूच शकत नाही, वरचं आवरण वाचून बाटली भलत्या ढिगात टाकतं. बऱ्याचदा आवरणावर फाडण्यासाठी ठिपक्यांची रेघ असते.
- डब्यांवरची फॉइलची किंवा पातळ प्लास्टिकची झाकणी. कडेला चिकटलेली कडसुद्धा.
- कपाला गुंडाळलेला पुठ्ठा. तो कागदात.

सोडून द्या:

- बाटलीच्या गळ्याची कडी. ती कापताना बोट कापून घेण्यापलीकडे काही साधत नाही.
- छोटं कागदी किंवा प्लास्टिकचं लेबल आणि त्याचा डिंक. कारखान्यात पेटचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतात, त्यात डिंक निघतो. लेबल खरवडण्यात घालवलेली संध्याकाळ फुकट जाते.

झाकणाचा प्रश्न हमखास येतो. पेटच्या बाटलीचं झाकण बहुधा एचडीपीई किंवा पीपीचं असतं. तुकडे केल्यावर पेट पाण्यात बुडतं आणि झाकण तरंगतं, त्यामुळे कारखान्याला ते वेगळं करणं सोपं जातं. सुटं झाकण मात्र लहान असल्यामुळे आधीच गळून जातं. म्हणून घेणाऱ्यानं वेगळं सांगितलं नसेल तर झाकण बाटलीलाच लावून द्या, पण आत्ता नाही. वाळल्यावर.

> इशारा: ‘कारखान्याचं काम हलकं करू’ म्हणून बाटल्या कापून तुकडे करू नका. अख्खी बाटली पाहून ओळखता येते, तुकडा ओळखता येत नाही आणि तो फटीतून गळतो. इस्त्रीनं किंवा गॅसवर प्लास्टिक वितळवून घरीच काही बनवायचे व्हिडिओ फिरतात, तेही नको. तापमानावर ताबा नसेल तर काय जळतंय आणि कोणता धूर निघतोय ते कळत नाही.

## टप्पा ५: विसळा

कारखान्यात धुतातच, मग घरी कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण तुमच्या घरापासून कारखान्याच्या टाकीपर्यंत मालाला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. त्या काळात आतलं अन्न सडतं, मुंग्या आणि उंदीर येतात, उरलेलं दूध शेजारच्या कागदावर सांडतं. शिवाय मधे कुणीतरी तो माल हातानं निवडत असतं. घरातलं विसळणं त्या काळासाठी आणि त्या हातांसाठी.

त्यामुळे भांड्यासारखं लख्ख करायची गरज नाही. कसोटी साधी आहे: नाकाजवळ नेलं तर वास नको, बोट फिरवलं तर चिकट लागू नये, उलटं केलं तर काही गळू नये.

नळाखाली एकेक बाटली धरू नका. भांडी घासून झाल्यावर उरलेलं साबणाचं पाणी घ्या. त्यात डबे बुडवून ठेवा, बाटल्यांत थोडं थोडं भरून हलवा. चांगलं पाणी शेवटच्या एका विसळणीपुरतंच. एका बाटलीसाठी अर्धी बादली खर्च होत असेल तर पद्धत चुकतेय, किंवा टप्पा ३ घाईत उरकलाय.

उकळतं पाणी वापरू नका. पेट सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडतं, बाटली आक्रसून वेडीवाकडी होते आणि गरम पाणी हातावर उडतं ते वेगळंच.

तळाला करपून किंवा वाळून घट्ट बसलेलं काही असेल, आणि भिजवूनही सुटत नसेल, तर तो डबा बाद करा. एक डबा गेला तर चालतं.

## टप्पा ६: वाळवा

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. ओल्या बाटलीला झाकण लावून पिशवीत टाकली की आत कुबट वास धरतो. ओल्या पिशव्या एकमेकींना चिकटतात, आणि त्यांत मातीही चिकटते.

बाटल्या आणि डबे झाकण उघडं ठेवून, तोंड खाली करून जाळीवर ठेवा. पिशव्या पूर्ण उलट्या करून, आतली बाजू बाहेर काढून दोरीवर चिमट्यानं लावा. नुसती पसरलेली पिशवी बाहेरून कोरडी दिसते आणि कोपऱ्यात पाणी राहतं.

तपासा: बाटली उजेडाकडे धरा. आत वाफेचे थेंब दिसत असतील तर अजून एक दिवस. थेंब नसतील तर आता झाकण लावा.

## टप्पा ७: पातळ पिशव्या वेगळ्या हाताळा

पिशव्यांचा ढीग एकत्र दिसतो, पण त्यात सगळ्यात जास्त भेसळ असते, म्हणून त्यांना वेगळा वेळ द्या.

पिशवी दोन्ही हातांत धरून अंगठ्यानं मध्यभागी दाबा. ती ताणली जाऊन अंगठ्याभोवती फुगली तर ती पॉलिथिलीनची, म्हणजे ४ किंवा २ गटातली, आणि पिशव्या घेणाऱ्यांना बहुधा हीच हवी असते. कडकड आवाज करून न ताणता फाटली, तर ती पीपी किंवा अनेक थरांची असू शकते. तिला वेगळ्या ढिगात टाका. कपड्यांची पारदर्शक, कुरकुरीत पाकिटं बऱ्याचदा पीपीची निघतात, पॉलिथिलीनच्या गठ्ठ्यात ती नकोत.

मालवाहतुकीच्या पिशव्यांवर पत्त्याचा कागद चिकटवलेला असतो. तो ओढून निघत नाही. तेवढा चौकोन कात्रीनं कापून टाका, सोबत चिकटपट्टीही. तुमचं नाव-पत्ता कुठल्याशा ढिगात फिरत राहणार नाही, हा वरचा फायदा. झिपच्या पिशवीची सरकपट्टी बहुतेक वेळा वेगळ्या प्लास्टिकची असते, ती कापा. बबल रॅपचे फुगे फोडत बसायची आवश्यकता नाही, पण मुलांना दिलात तर काम होऊन जातं. अन्नावर गुंडाळायची चिकट फिल्म सरसकट बाद करा: ती पीव्हीसीची की पॉलिथिलीनची हे पाहून कळत नाही आणि ती स्वच्छही होत नाही.

एक पिशवी उघडी ठेवून बाकीच्या तिच्यात भरा. गाठ मारायची की नाही, ते घेणाऱ्याच्या उत्तरानुसार. मात्र बाटल्यांच्या पिशवीत हा गठ्ठा टाकू नका.

## टप्पा ८: गट, चेपणं, साठवण

घरात फार डबे मांडले की आठवड्याभरात कुणीच पाळत नाही. तीन पुरेत: पेटच्या बाटल्या, बाकीचं कडक प्लास्टिक, पातळ पिशव्या. घेणाऱ्याला आणखी विभागणी हवी असेल तर देण्याच्या दिवशी करा.

पेटच्या पारदर्शक बाटल्या रंगीत बाटल्यांपासून वेगळ्या काढता आल्या तर उत्तम. पारदर्शकापासून कोणताही रंग करता येतो, हिरव्यापासून पारदर्शक होत नाही.

चेपायचं ठरलं असेल तर झाकण सैल करा, बाटली आडवी करून हातानं किंवा पायानं दाबा, हवा निघाली की झाकण पुन्हा आवळा. आवळलं नाही तर बाटली परत फुगते. तोंडाकडून बुडाकडे दाबून चकती करू नका. तशी बाटली ओळखणं यंत्रालाही जड जातं आणि माणसालाही.

साठवण कोरड्या आणि सावलीच्या जागी, शेगडीपासून आणि ठिणगी उडेल अशा कामांपासून लांब. गच्चीवर उन्हात महिनोन्‌महिने पडलेलं प्लास्टिक अतिनील किरणांनी ठिसूळ होतं. हातात घेतलं की त्याचे कपचे पडतात, आणि ते कपचे वाऱ्याबरोबर थेट गटारात.

फार काळ साठवूही नका. एक पिशवी भरली की द्या. ढीग वाढला की कंटाळा येतो, आणि एका दिवशी सगळा ढीग कचऱ्याच्या गाडीत जातो.

## टप्पा ९: देताना थोडं थांबा

पिशवी दारात ठेवून आत जाऊ नका. पहिल्या दोन-तीन वेळा तरी घेणाऱ्यासमोर पिशवी ओता आणि तो काय बाजूला काढतो ते पाहा. जे परत आलं त्याचं कारण विचारा: प्रकार चालत नाही, घाण आहे, की इतक्या कमी मालाला गिऱ्हाईक नाही? तिन्हींवर उपाय निराळा. प्रकार चालत नसेल तर तो यादीतून खोडा आणि शक्य असेल तर ती वस्तू विकत घेणंच थांबवा. घाण असेल तर टप्पा ३ ते ६ यांपैकी कुठे गाळलं ते शोधा, बहुतेक वेळा ते वाळवणंच निघतं. माल कमी पडत असेल तर शेजारच्या दोन-चार घरांचा माल एकत्र करून द्या, मात्र त्यांनाही तीच यादी देऊन.

गाडी यंत्राच्या केंद्रावर जात असेल आणि समोर कुणी माल ओतत नसेल, तर त्या केंद्राची यादी अधूनमधून पुन्हा पाहा. बाजारभाव आणि यंत्रं बदलली की यादी बदलते, आणि डब्यावर चिकटवलेला कागद जुना होतो.